सतरा एक आणि एक रविवार

एप्रिल अर्धा उलटला की आमच्या कॉलनीच्या तोंडाशी कांद्याचे ट्रक थांबू लागतात. लासलगावकडून येतात, ड्रायव्हर चहा पितात, मग मुंबईच्या दिशेनं निघून जातात. मागे तांबूस पापुद्रे उडत राहतात. ते जिन्यात येतात, पायपुसण्याला चिकटतात आणि सोसायटीच्या बैठकीत त्यांच्याविरुद्ध दरवर्षी एक तक्रार होते. मी तक्रारीवर सही करते, पण मनापासून नाही. उन्हाळ कांद्याचा तो कोरडा, किंचित गोडसर वास आला की मला मनमाडचं आमचं घर आठवतं, तिथली शहाबादी फरशी आठवते आणि फरशीवर खडूनं मांडलेला एक लांबलचक भागाकार आठवतो. लोकांना ऋतू आठवतात ते मोगऱ्यानं नाहीतर आंब्याच्या मोहरानं. माझा ऋतू निघाला कांद्याच्या पापुद्र्यांचा आणि भागाकाराचा. जन्मभर गणित शिकवलं, त्याची ही शिक्षा असेल.

माझे वडील मनमाडच्या यार्डात नंबरटेकर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मालगाडी यार्डात येऊन उभी राहिली की तिच्या कडेकडेनं खडीवरून चालत जायचं आणि प्रत्येक डब्यावरचा नंबर उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. कुठला डबा कुठून आला आणि कुठे जायचा, हे त्या नंबरांवरून लागायचं. डब्यांवर खुणा करायला त्यांच्या खिशात कायम खडू असे, त्यामुळे आमच्या घरात साखर कधी संपली असेल, खडू कधी संपला नाही.

नंबरांची त्यांना नुसती सवय नव्हती, लळा होता. एखादा माणूस भेटला की गावाकडची मंडळी जशी त्याचे मामा, मावसे शोधून काढतात, तसे अण्णा कुठल्याही आकड्याला कशाकशानं भाग जातो ते शोधून काढत. जेवता जेवता मध्येच विचारायचे, "सुजा, एक्क्याण्णव?"

"जात नाही कशानं."

"सातानं जातोय. तेरा येळा. फसलीस का नाय?"

एक्क्याण्णवला सगळं जग फसतं, हे मी पुढे वर्गात दरवर्षी पाहिलं. त्या वेळी मात्र मला फार अपमान वाटायचा. आई म्हणायची, "पोरीला जेवू द्या, मग करा तुमचे भाग."

मी पाचवीत असेन. अण्णांचा डबा द्यायला यार्डात गेले होते. बाजूच्या रुळावर कांद्याची एक लहानशी गाडी उभी होती. मी गंमत म्हणून एकेका डब्यापाशी थांबून, अण्णांच्या खडूनं फलाटाच्या कडेला एकेक एक काढत गेले. सतरा डबे, सतरा एक. अण्णा परत आले, कमरेवर हात ठेवून त्या ओळीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे समदे मिळून एकच आकडा हाय असं समज. वाच बरं."

मला वाचता आला नाही. अकरा, एकशे अकरा, एक हजार एकशे अकरा इथपर्यंत ठीक. कोटी-अब्जाच्या पुढची नावं मला माहीत नव्हती, अण्णांनाही नव्हती. "असू दे," ते म्हणाले, "नाव नसलं म्हणून काय झालं. कशानं भाग जातोय ते बघू."

त्या संध्याकाळी घरी फरशीवर अण्णांनी ते सतरा एक मांडले. दोननं जाणार नव्हता, पाचनं जाणार नव्हता, हे मलाही दिसत होतं. तीननं जाईना, कारण अंकांची बेरीज सतरा. सातानं करून पाहिला, बाकी उरली. अकरानं उरली, तेरानं उरली. आई जेवायला वाढू लागली तेव्हा आम्ही एकोणतीसवर होतो. सकाळी उठून पाहते तर फरशी लख्ख. आईनं ओलं फडकं फिरवलं होतं. तिचा रोजचा रिवाज होता तो, अंघोळीच्या आधी फरशी. मी रडले. अण्णा म्हणाले, "रडती कशाला? झालेलं ध्यानात हाय ना? मग फरशीवर कशाला पायजे?"

असा तो आमचा खेळ सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. घरात त्या आकड्याला 'सतरावाली' म्हणत. कुठेही काही लिहून ठेवायचं नाही, हा अण्णांचा दंडक. कुठवर आलो ते डोक्यात ठेवायचं. मध्ये शाळा, परीक्षा, तापखोकला येई, महिनामहिना खंड पडे. मग पुन्हा बसलो की अण्णा मला सरळ कधी सांगायचे नाहीत. मी मागून भाजक म्हणत यायचं आणि जिथे थांबलो होतो तो आकडा आला की त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारायची. "हितं." की तिथून पुढे. गुडघ्यावरची ती थाप मला अजून कळते.

नाशिकला कॉलेजात आले, हॉस्टेलवर राहू लागले, तेव्हा गणिताच्या सरांना एकदा भीत भीत सतरावाली दाखवली. सर तसे अबोल. आकडा घेऊन गेले आणि दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"ही मूळ संख्या नाही," ते म्हणाले. "हिला भाग जातो."

"कशानं, सर?"

"ते मला माहीत नाही."

मला वाटलं सर थट्टा करतायत. पण सरांनी कधी थट्टा केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं की संख्या मूळ असेल तर एका ठरावीक हिशेबात बाकी एकच उरायला हवी. त्यांनी रात्रंदिवस बसून तो हिशेब केला होता आणि बाकी एक उरली नव्हती. म्हणजे मूळ नाही, हे पक्कं. पण तो हिशेब अवयवांबद्दल अवाक्षर काढत नाही. चोर घरात आहे एवढं कळतं, कुठल्या खोलीत आहे ते कळत नाही. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सतरावालीला भाग जाईल तो अशाच मूळ संख्येनं, जिच्यातून एक वजा केला की चौतीसनं भाग जातो. म्हणजे एकशे तीन, एकशे सदतीस अशा. बाकीच्यांकडे बघायचंही कारण नाही.

दिवाळीत घरी जाऊन मी हे सगळं मोठ्या तोऱ्यात अण्णांना सांगितलं. तोवर आम्ही सातशेच्या आसपास पोचलो होतो, एकही मूळ संख्या न सोडता. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाग जातोय हे ठावं हाय, पर कशानं ते ठावं नाय? असं कसं ठावं असंल?"

मी पुन्हा समजावलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे. मग हातातल्या खडूकडे बघत म्हणाले, "म्हंजे आपण आजवर केलं ते समदं फुकट?"

मी हसले. तरुण होते, नवा नियम हातात आला होता. "फुकट कसं अण्णा," म्हणाले खरी, पण पुढे काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. त्या सुट्टीत आम्ही दोघांनी नव्या नियमानं पुन्हा सुरुवात केली आणि भराभर तेराशे एकसष्टपर्यंत आलो. मग मी नाशिकला परतले. पुढे दीड वर्षं माझं डोकं पदवीच्या अभ्यासात होतं. सुट्टीत घरी आले तरी सतरावालीचा विषय मी काढला नाही, अण्णांनीही काढला नाही. मला वाटलं, खेळ संपला.

आणि मग तो उन्हाळा. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझा शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात मनमाडहून निरोप आला. अण्णा कामावर असताना रुळांच्या कडेला कोसळले होते. लकवा. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेलं. मी नाशिकरोडहून पॅसेंजरनं निघाले. लासलगावला गाडी थांबली तेव्हा स्टेशनबाहेर ट्रॅक्टरची ही रांग, मालधक्क्यावर कांद्याचे ढीग, आणि तो वास खिडकीतून आत आला. समोरची बाई डोळे पुसत होती कांद्यानं. मीही पुसत होते. कुणी विचारलं नाही, हे बरं झालं.

दवाखान्यातून अण्णांना घरी आणलं तेव्हा डॉक्टर आईला म्हणाले, "डोळे मिटा म्हटलं तर मिटत नाहीत. हात दाबा म्हटलं तर दाबत नाहीत, मग नंतर आपोआप दाबतात, त्याला अर्थ नाही. खाणंपिणं नीट ठेवा. पण त्यांना काही समजतंय, अशी फार आशा धरू नका."

आईनं मान हलवली आणि घरी आल्याबरोबर अण्णांना सांगितलं, "अवं, पंखा दुरुस्त करून आणलाय बरं का." ती त्यांना सगळं सांगायची. वरण उतू गेलं, शेजारणीच्या मुलाला नोकरी लागली, जयंतीच्या निळ्या पताका अजून कुणी उतरवल्या नाहीत, सगळं. अण्णा छताकडे बघत पडलेले. भेटायला येणारी माणसं त्यांच्या देखत, खाटेच्या कडेवर बसून, 'आता ह्यांचं कसं करायचं' ते बोलायची, जसं कपाट कुठे हलवायचं ते बोलावं. मला ते सहन होत नसे. पण डॉक्टरांचं खोटं म्हणायला माझ्याजवळ तरी काय होतं?

येवल्याजवळच्या गावाहून काका आले. अण्णांचे धाकटे भाऊ. जीव टाकायचे अण्णांवर. दोन दिवस खाटेपाशी बसून राहिले आणि मग म्हणाले, "वैनी, दादाला गावाकडं नेतो. हितं तुम्ही दिवसभर बालवाडीत, पोरीचं पुढचं शिक्षण. तिकडं घरात चार माणसं हायेत, उचलाय-ठेवायला माझी पोरं हायेत. दादाचं काय हाल नाय व्हायचं."

सगळे म्हणाले, बरोबर आहे. आईला बालवाडीतली मदतनिसाची नोकरी सोडता येत नव्हती, म्हणजे ती गावाला जाऊ शकत नव्हती. म्हणजे अण्णा तिकडे आणि आई इकडे. काकांच्या बोलण्यात खोट नव्हती, हीच अडचण होती. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

आई चुलीपाशी बसून होती. तिथूनच म्हणाली, "त्यांना इचारल्याबिगर नाय."

"वैनी, आता इचारणार कसं?" काकांचा आवाज चिरकला.

"ते मला ठावं नाय. पर त्यांचं घर हाय. त्यांना इचारल्याबिगर त्यांना उचलायचं नाय."

काका म्हणाले, पुनवेपर्यंत थांबतो. वैशाखाची पौर्णिमा जवळ आली होती.

विचारायचं कसं, यावर मी पुष्कळ डोकं चालवलं. 'हो असेल तर हात दाबा' करून पाहिलं. अण्णांची डावी मूठ कधी मिटे, कधी उघडे, प्रश्नाशी तिचा काही संबंध दिसेना. एका संध्याकाळी नुसतीच त्यांचा डावा हात हातात घेऊन बसले होते. ऊन उतरलं होतं, यार्डातून डबे जोडल्याचे आवाज येत होते. सहज, काहीच सुचत नव्हतं म्हणून, मी म्हणाले, "अण्णा, सतरावालीत कुठवर आलो होतो आपण?" आणि जुन्या सवयीनं भाजक म्हणायला लागले. हजाराच्या अलीकडून सुरू केलं. तेराशे एकसष्ट आलं तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. तिथेच तर आम्ही थांबलो होतो.

अण्णांचा हात तसाच होता.

मी पुन्हा म्हणाले, "तेराशे एकसष्ट." काही नाही. डॉक्टर खरे होते. मी हात खाली ठेवला आणि तोंड फिरवून रडून घेतलं.

"का थांबलीस?" आईनं आतून विचारलं.

"त्यांना कळत नाहीये गं."

"कळतंय. म्हण तू. त्यांना बरं वाटतंय."

"कशावरून?"

"मला ठावं हाय. कसं ते इचारू नको."

मला सरांची स्टाफरूम आठवली. सरांकडे निदान हिशेब होता. आईकडे तोही नव्हता. पण तिच्या आवाजात जी खात्री होती ती सरांच्या आवाजात होती त्यापेक्षा तसूभर कमी नव्हती. मग मी म्हणत राहिले. कशासाठी, ते विचारू नका. काही घरांत संध्याकाळी शुभंकरोती म्हणतात, काही घरांत वंदना म्हणतात, आमच्या घरात त्या वैशाखात मी चौतीस-चौतीस मिळवत होते. तेराशे पंच्याण्णव, चौदाशे एकोणतीस, पुढे, आणखी पुढे. कुठली संख्या मूळ आणि कुठली नाही, हे निवडायचं त्राण नव्हतं, म्हणून सगळ्याच म्हणायचे. आज जिथे थांबायचे तिथून उद्या पुढे. काका उंबऱ्यात बसून ऐकायचे. त्यांना वाटलं असेल, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

दहा हजार पार झाले. "दहा हजार एकशे तेहतीस," मी म्हणत होते, "दहा हजार एकशे सदुसष्ट. दहा हजार दोनशे एक."

अण्णांची बोटं माझ्या हाताभोवती आवळली.

मी पुढचा आकडा म्हणाले, दहा हजार दोनशे पस्तीस. बोटं सैल. मागे आले. दहा हजार दोनशे एक. बोटं आवळली. मी मुद्दाम बरंच मागे गेले आणि पुन्हा पायरी पायरीनं वर आले. अण्णांचा हात कुठे हलला नाही, आणि दहा हजार दोनशे एकला घट्ट मिटला. हितं.

"आई!" मी ओरडले. "हे इथपर्यंत आलेत! हे एकट्यानं इथपर्यंत आलेत!"

आई पदराला हात पुसत दारात आली. "म्हंजे? दर ऐतवारी मांडत होते की. मी पुसत होते. तुला बोलले नाहीत का?"

दीड वर्षं, रविवारमागून रविवार, हा माणूस फरशीवर गुडघे टेकून एकेक भाजक घेत होता, बाकी उरत होती, आई पुसत होती, आणि कुठवर आलो ते तो डोक्यात ठेवत होता. मी सुट्टीला येईन, मागून म्हणत येईन, आणि मग माझ्या गुडघ्यावर थाप मारायची म्हणून. आणि त्याच क्षणी, गणिताचं शिक्षण काय वाईट असतं बघा, मला एक गोष्ट दिसली आणि मी ती बोलूनही गेले.

"पण अण्णा, दहा हजार दोनशे एक मूळ नाहीच! एकशे एक गुणिले एकशे एक! हा घ्यायचाच नव्हता. फसलात!"

भाजक स्वतः मूळ आहे की नाही हे अण्णा शंभराच्या आतल्या मूळ संख्यांनीच बघायचे, तीन, सात, अकरा, फार तर सत्त्याण्णवपर्यंत. त्यापुढे त्यांना कंटाळा. एकशे एकपर्यंत ते कधी गेलेच नसणार, आणि तेवढ्यानं न सापडणारा पहिलाच आकडा हा. सतरा अंकांचा अख्खा भागाकार त्यांनी एका नको असलेल्या आकड्यानं केला होता.

अण्णांनी माझ्या हातातून हात काढून घेतला. हळू, पण सरळ ओढून काढला आणि पोटावर ठेवला. मी चुकीचं बोलले की ते माझ्या हातातून खडू असाच काढून घ्यायचे. तोंडाची चालती बाजू थोडी खाली वळली होती.

आईनं वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "रागावलेत," ती म्हणाली. मग काकांकडे वळून, इतक्या आनंदानं की मी तिला तशी पुन्हा कधी पाहिली नाही, "भावजी, बघा, हे रागावलेत!"

काका उठून आले. खाटेच्या कडेवर नाही, खाली फरशीवर बसले. भावाचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "दादा," ते म्हणाले, "तुला गावाकडं न्यायचं म्हणत होतो. येतोस?"

अण्णांनी हात ओढून घेतला.

काकांनी तो पुन्हा हळूच घेतला. "मग हितंच ऱ्हायचं? वैनीपाशी?"

बोटं मिटली आणि बराच वेळ उघडली नाहीत. काका लहान मुलासारखे हुंदके देत होते. "ऱ्हाऊ द्या वैनी," म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हितंच." पौर्णिमेची खीर खाऊन ते एकटेच येवल्याच्या एसटीत बसले. शेजारच्या बायकांनी आई कामावर असताना अण्णांपाशी बसायच्या पाळ्या लावून घेतल्या, आणि त्यांच्यापैकी कुणीही त्यानंतर अण्णांच्या देखत अण्णांबद्दल बोललं नाही. बोलायचं ते अण्णांशी.

एखादी गोष्ट आहे एवढं कळणं आणि ती काय आहे ते कळणं, यात केवढं अंतर असतं, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. अण्णा आत आहेत एवढं आम्हाला कळलं. आत काय चाललंय ते कधीच कळलं नाही. भीती वाटत होती का, कंटाळा येत होता का, मी एम.एस्सी. झाले ते त्यांना आवडलं का. मी विचारायची, बोटं मिटायची, कधी नुसतीच पडून राहायची. ते आणखी काही वर्षं तसे जगले आणि एका हिवाळ्यात, शांतपणे, गेले. सतरावालीचा त्यांनी केलेला शेवटचा भागाकार तोच राहिला, चुकीच्या भाजकाचा.

ऐंशीचं दशक निम्मं सरल्यावर, मी शिकवत होते त्या कॉलेजात कॉम्प्युटर आला. त्याच्या खोलीत जाताना देवळात शिरल्यासारख्या चपला बाहेर काढाव्या लागत. एकदा दुपारी खोली रिकामी होती. मी चौतीस-चौतीसच्या पायऱ्यांनी चढत जाणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला, तो सुरू करून दिला आणि एक तास वर्गावर शिकवून परत आले. पडद्यावर एक आकडा थांबलेला होता. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. बाकी शून्य.

मी तिथल्या स्टुलावर बसून मनातल्या मनात हिशेब केला. दर रविवारी एक, या चालीनं अण्णांना तिथे पोचायला दोनशेच्या आसपास वर्षं लागली असती. आमच्या घरात पुनर्जन्म मानत नाहीत, त्यामुळे ती सोयही नव्हती. आनंद व्हायला हवा होता. मला फार एकटं वाटलं.

त्या शनिवारी मनमाडला गेले. उन्हाळाच होता, गाडीभर कांद्याचा वास. आईला म्हणाले, "सतरावालीचा भाग सापडला गं, मशीननं काढला." तिनं हातातलं ठेवलं, उठून फळीवरच्या डब्यातून खडूचा तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला. अण्णांच्या वेळचा खडू. "हितं करून दाव," म्हणाली, "मशीनचं मला काय कळतंय."

अण्णांची खाट होती त्या जागेवर मी सतरा एक मांडले. आई भिंतीला टेकून बसली. एकेक अंक खाली येत गेला, वजाबाक्या उतरत गेल्या, आणि शेवटी शून्य उरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या फरशीवर काही उरलं नाही. आई शून्याकडे बघत होती. मग तिनं वर, भागाकाराकडे बोट केलं. पाच अब्ज छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न.

"आन् ह्याला कशानं जातोय?"

"ह्याला कशानंच जात नाही. हा मूळ आहे."

"हेही मशीननं काढलंस?"

"नाही. त्याला मशीन पुन्हा लागत नाही." आणि तेव्हा, बोलता बोलता, माझ्याच लक्षात आलं. "ह्याला कशानं भाग जात असता, तर त्याचा लहान अवयव त्र्याहत्तर-साडेत्र्याहत्तर हजारांच्या आत कुठेतरी असता. आणि ह्याला ज्यानं जातो त्यानं सतरावालीलाही गेलाच असता. तिथवर सगळे करून झालेत, एकानंही गेला नाही. म्हणून हा मूळ."

"तिथवरचे म्हंजे, ह्यांनी केले ते?"

"त्यांनी केले ते पहिले, पुढचे मशीननं. प्रत्येकात बाकी उरली, म्हणून तर ह्याच्याबद्दल खात्रीनं सांगता येतं. त्यातला नियमात बसणारा एकही गाळता येत नाही."

आईचे डोळे भरले होते. कित्येक वर्षांपूर्वी अण्णांनी मला विचारलं होतं, समदं फुकट का, आणि मला उत्तर सुचलं नव्हतं. उत्तर हे होतं. द्यायला उशीर झाला होता.

"म्हंजे ह्यांचा एकबी ऐतवार फुकट गेला नाय," आई म्हणाली.

मी हसत डोळे पुसले. खोटं कसं बोलणार, जन्मभर गणित शिकवायचं होतं. "एक गेला. तो एकशे एक गुणिले एकशे एकचा. तो रविवार तेवढा खरंच फुकट."

"तो?" आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून पाचवीतच आहे. "त्याच ऐतवारामुळं तर ते घरी ऱ्हायले."

मग ती उठली, फडकं बादलीत बुडवून पिळलं, आणि रोजच्यासारखी फरशी पुसायला घेतली.